रूपाबाईच्या टाचेचा नकाशा

१

सोमवारी सकाळी पुण्याहून नकाशा आला आणि दुपारपर्यंत ठरलं की गुरुवारी रूपाबाई आडेचा डावा पाय घोट्याच्या वर कापायचा.

हिंगोलीत औंढा रस्त्यावर एका ट्रस्टचं छोटं कर्करोग रुग्णालय आहे. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट डॉ. नीलांबरी पाठक. माणसाच्या अंगातला तुकडा आला की तो सूक्ष्मदर्शकाखाली बघून काय आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. बाईंना बडबड आवडत नसे, घाई तर त्याहून नाही. वीस वर्षं तुकडे बघून एक खोड जडली होती. पेशंटचं अंग एक सांगतंय आणि तुकडा दुसरंच, असं झालं की त्यांना जेवण गोड लागत नसे.

आज डबा तसाच पडून होता.

रूपाबाई सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावरची, पन्नाशीतली. टाचेला काळी गाठ आली, सगळ्यांना वाटलं काटा मोडलाय, आणि निघाला मेलॅनोमा, कातडीचा कर्करोग. त्यातल्या त्यात नशीब असं, की पुण्याच्या एका प्रयोगशाळेचा अभ्यास चालू होता आणि त्यात तिला नवं औषध मिळालं. हे औषध गाठीला स्वतः हात लावत नाही. अंगातल्या लढाऊ पेशींना गाठीने घातलेली भूल ते उतरवतं आणि पुढचं काम त्या पेशी करतात. म्हणून औषधाआधी गाठीचा एक तुकडा काढायचा, दोन डोस झाले की दुसरा काढायचा, आणि दोन्हींचे नकाशे शेजारी ठेवून बघायचे.

नकाशा म्हणजे खरोखरच नकाशा. जुन्या काही तपासण्यांत तुकडा वाटून मोजणी व्हायची, अमुक पेशी इतक्या, तमुक इतक्या. त्यात कोण कुठे उभं होतं ते हरवायचं. नव्या तंत्रात एकेका पेशीला चमकणारी खूण लावून तिची जागा टिपतात. लढाऊ पेशी गाठीच्या आत शिरल्यात की कुंपणाबाहेर ताटकळल्यात, ते त्यात दिसतं. औषध लागू पडलं असेल तर आधी बाहेर असलेल्या पेशी नंतर आत सापडायला हव्यात.

रूपाबाईचं उलटं होतं. पहिल्या तुकड्यात पेशी आत, दुसऱ्यात सगळ्या बाहेर. औषधाने आतल्या पेशीसुद्धा हुसकून लावल्या, असा अर्थ निघत होता. अशा वेळी औषध बंद करून शस्त्रक्रिया करायची, असा अभ्यासाचा नियम होता.

आणि तरी गाठ लहान झाली होती. नीलांबरीबाईंनी गेल्या आठवड्यात स्वतः पट्टी लावून मोजली होती.

"सूज उतरली असेल," सर्जन डॉ. नचिकेत म्हणाले. पस्तिशीचे, हुशार, हाताला कंप नाही आणि बोलण्याला आडपडदा नाही. "वरून कमी होतं आणि आत पसरतं, असं मी पाहिलंय. पायाची दया करत बसलो तर बाई जाईल."

त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून नीलांबरीबाई भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

"अकरा."

२

पुण्याच्या डॉ. शिला यांनी हा नकाशा केला होता. फोनवर त्या जरा दुखावल्याच.

"मॅडम, दोन्ही तुकडे एकाच व्यक्तीचे आहेत, ते आम्ही जनुकांवरून पडताळलंय. दुसऱ्या पेशंटचं मिसळलेलं नाही. आमच्याकडे यंत्र काचेवरचा कोड वाचतं, माणूस हात लावत नाही."

"नकाशात काही वावगं दिसलं?"

"पहिल्या तुकड्यात थोडा कचरा चमकत होता. धूळबीळ असेल. आम्ही तेवढा भाग वगळला."

"वगळलेल्या भागाचं चित्र मला पाठवाल?"

"ते साठवणीतून शोधावं लागेल. उद्या संध्याकाळपर्यंत देते."

फोन ठेवून नीलांबरीबाई कपाटाकडे गेल्या. तुकडे मेणात बसवून त्यांचे ठोकळे करतात आणि त्या ठोकळ्यांच्या पातळ चकत्या काचेवर घेतात. काचा पुण्याला गेल्या तरी ठोकळे इथेच राहतात. रूपाबाईचे दोन्ही मिळाले. पहिल्यातला तुकडा हरभऱ्याएवढा होता, दुसऱ्यातला ज्वारीच्या दाण्याएवढा. गाठ कमी झाली तसा तुकडाही लहान निघाला, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते सोडून दिलं.

खात्री करायला सगळ्यात सोपं म्हणजे निदानाच्या वेळची, पहिल्या तुकड्याची एप्रिलमधली काच काढून ठोकळ्याशी ताडून बघणं. पण ती काच दुसऱ्या मतासाठी मुंबईला गेली होती आणि अजून परत आली नव्हती. त्यांनी मुंबईला मेल टाकली. उत्तर आलं की संबंधित गृहस्थ बुधवारी कामावर येतील.

ठोकळे परत ठेवताना त्यांचं बोट अडखळलं. ठोकळ्याच्या प्लास्टिकवर कोडचं चिकटपत्र होतं आणि त्याला सुरकुत्या होत्या, खिशातलं तिकीट शर्टाबरोबर धुतल्यावर पडतात तशा. शेजारचा ठोकळा बघितला, तोही तसाच. एप्रिलचे, मेचे सगळे तसेच. जूनचे मात्र गुळगुळीत.

"उद्धवराव, ही चिकटपत्रं अशी काहून?"

उद्धवराव इथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. मेणाची चकती त्यांच्यासारखी कुणाला कापता येत नसे. निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्यांनी ठोकळ्याकडे बघितलंच नाही.

"हवा दमट हाये मॅडम. कागद फुगून राहिले."

आता जुलै चालू होता. हवा दमट होतीच. पण दमट हवेने जूनचे कागद का सोडले असते?

३

केतकी वसमतची. अभ्यासाची सगळी कागदं तिच्याकडे. तिने नीलांबरीबाईंसमोर फाइल उघडली आणि हात बांधून बसली.

"चिकटपत्रं मीच लावते, मॅडम. पहिलं नऊ एप्रिलला लावलं, दुसरं एकवीस मेला. तेव्हा एकही सुरकुती नव्हती."

"दोन्ही एकदमच छापली होतीस?"

"हो. दुसरं ड्रॉवरमध्ये होतं." मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला वाटतं मी उलटी लावली?"

"नाही," नीलांबरीबाई म्हणाल्या. "नऊ एप्रिलला तुझ्यासमोर एकच ठोकळा होता. दोन वस्तू असल्याशिवाय अदलाबदल करता येत नाही. झालं असेल तर एकवीस मेनंतर आणि पुण्यासाठी चकत्या कापायच्या आधी. म्हणजे पंधरा जूनच्या आत."

"मी बावीस मे ते दहा जून रजेवर होते. बहिणीचं लग्न होतं." केतकी जरा सैलावली. मग म्हणाली, "पूर्वी उद्धवकाका प्लास्टिकवर पेन्सिलने नंबर लिहायचे. ते आपण बंद केलं. पेशंटची ओळख फुटू नये म्हणून फक्त कोड ठेवायचा, असं पुण्याचं पत्र होतं."

"कुणाच्या सहीने बंद केलं?"

"तुमच्या."

नीलांबरीबाईंना ते आठवत होतं. उद्धवराव तेव्हा पेन्सिल कानाला लावून त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले होते. म्हणाले होते, मॅडम, शाई जाते, कागद जातो, पेन्सिल जात न्हाई. बाईंनी नियम दाखवला होता आणि ते पेन्सिल खिशात ठेवून गेले होते.

अदलाबदल झाली असेल हा अजून अंदाजच होता. सुरकुत्या पडल्या म्हणून कुणी शस्त्रक्रिया थांबवत नाही. ठोकळ्यातला कोणता तुकडा आधीचा, हे त्या तुकड्यानेच सांगायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी गाडी काढली आणि सिद्धेश्वरचा रस्ता धरला.

४

तांडा कालव्याच्या अंगाला होता. रूपाबाई ओसरीवर डावा पाय उशीवर ठेवून शेंगा फोडत बसली होती. नवरा मोहनसिंग गोठ्यातून धावतच आला. सून निता चहा ठेवायला आत गेली. दाराशी एक नवी उजवी चप्पल होती, डावी कुठे दिसत नव्हती.

"डावी माळ्यावर टाकली," रूपाबाई म्हणाली. बाईंची नजर तिने पकडली होती. "आता काय कामाची? रोज डोळ्यासमोर नको."

नीलांबरीबाई तिच्या पायाशी बसल्या. त्यांनी पट्टी सोडून टाच पाहिली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पहिल्यांदा तुकडा काढला, ती जखम कशी भरली?"

"आमी काही लावलं न्हाई, डाक्टरीनबाई," मोहनसिंग म्हणाला. "सायेब म्हणले काही लावू नका, न्हाई लावलं."

काही लावलं का, असं बाईंनी विचारलंच नव्हतं.

"मोहनसिंगभाऊ, तुम्ही नियम मोडला असेल तर औषध बंद होईल, असं वाटतंय का तुम्हाला?"

त्याने मान हलवली.

"औषध कालच बंद झालंय. आता खरं सांगून जाण्यासारखं काही राहिलं नाही."

मोहनसिंग गोठ्याकडे वळला. शेवटी रूपाबाईनेच शेंगांची पाटी बाजूला सारली. "सांगा की. पाय माझा जाऊन राहिला, तुमचा न्हाई."

"हळद भरली म्या," तो म्हणाला. "घरचीच, उकडून वाळवलेली. तिला तकलीफ लई होती, रगत थांबंना. पट्टी सोडली अन् मूठभर दाबली. चार दिवस दाबली."

"हे कधी?"

"पहिल्या बारीला कापून आणलं, त्याच सांजला."

"त्याच्या आधी, नुसती गाठ होती तेव्हा?"

"तवा जखम कुठं होती? निब्बर काळा गोळा. हळद भरायची कशात? त्येल लावलं दोन बारी, बस."

नीलांबरीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "दुसरा तुकडा कुठून काढला? नव्या जागेवरून?"

"त्याच खड्ड्याच्या बाजूनं," रूपाबाई म्हणाली. "तुमच्या सायेबांनी लई काढलं त्या बारीला. पहिल्या बारीला म्या पाय वढला, तर जरासंच निघालं."

"तुम्हाला काय दिसलं असणार?"

"तिला न्हाई, मला दिसलं," मोहनसिंग म्हणाला. "बाटली माझ्याच हातात दिली होती, लॅबला नेऊन द्या म्हणून. दोन्ही बारीला. पहिल्यात जवारीचा दाणा म्हणा. दुसऱ्यात बराबर हरभऱ्याएवढा."

नातेवाइकाच्या हाती बाटली देऊन पाठवायची ही पद्धत नीलांबरीबाईंना अजिबात पसंत नव्हती. तिच्याविरुद्ध त्यांनी तीनदा लेखी दिलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांनी त्या पद्धतीला नावं ठेवली नाहीत.

५

"घाबरलेला नवरा आहे," संध्याकाळी डॉ. नचिकेत म्हणाले. "पाय वाचत असेल तर तो काहीही सांगेल. मला विचाराल तर एप्रिलपासून शंभरेक तुकडे काढले, कुठला केवढा होता ते आठवत नाही. तुकड्यात काही पुरावा आहे का?"

"असेल," बाई म्हणाल्या.

त्यांनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद मागवली होती. तुकड्यावर होतात तेच सगळे संस्कार त्यांनी तिच्यावर केले. स्पिरिटमधून काढली, मेणात बसवली, चकती कापून काचेवर घेतली. पिवळा रंग बराचसा स्पिरिटमध्ये धुऊन गेला. कण मात्र राहिले. वडील बाजार समितीत लिपिक होते, बाईंचं बालपण हळदीच्या ढिगांमध्ये गेलं होतं, पण हळद इतकी जवळून त्यांनी कधी पाहिली नव्हती. फुगलेल्या पिठूळ गोळ्या, त्यांच्याभोवती वनस्पतीच्या पेशीची जाड भिंत. निळा प्रकाश टाकला की ती भिंत अंधूक हिरवी चमकायची.

सात वाजता पुण्याचं चित्र आलं. वगळलेला कचरा. फुगलेल्या गोळ्या, जाड भिंत, अंधूक हिरवी चमक.

बुधवारी सकाळी त्यांनी डॉ. नचिकेत, केतकी आणि उद्धवराव या तिघांना लॅबमध्ये बोलावलं. पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी लावली.

"हळद आहे, मान्य," डॉ. नचिकेत म्हणाले. "पण हे हिंगोली आहे. इथे हवेत हळद असते. काचेवर उडाली असेल. उद्धवरावांच्या डब्यातली असेल."

"उडालेली धूळ तुकड्याच्या वर बसते. ही आत आहे. आणि कणाभोवती बघा."

त्यांनी चित्र मोठं केलं. कणाभोवती पेशींनी दाटीने कडं केलं होतं. कित्येक पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या होत्या.

"परकी वस्तू अंगात घुसली आणि हलवता येईना, की शरीर तिला असं वेढतं. मेणात हे होत नाही, काचेवर होत नाही. जिवंत मांसात होतं, आणि इतकं पक्कं कडं व्हायला काही आठवडे लागतात. म्हणजे हा कण तुकडा कापायच्या कितीतरी आधी टाचेत होता. पहिल्या तुकड्याआधी तिथे जखमच नव्हती, हळद शिरणार कुठून? जखम पहिल्या तुकड्याने झाली, हळद त्या दिवशी भरली, आणि सहा आठवड्यांनी त्याच खड्ड्याच्या कडेचा तुकडा निघाला. ज्याच्यात हळद आहे तो दुसरा. आपण त्यावर पहिला असं लिहिलंय."

डॉ. नचिकेत पडद्याजवळ गेले. त्यांनी बोटाने ते कडं गिरवलं. "म्हणजे पेशी आधी बाहेर होत्या, नंतर आत गेल्या."

"हो. औषध लागू पडलंय."

"अदलाबदल केली कुणी?" केतकीने विचारलं.

नीलांबरीबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. "एप्रिल-मेच्या सगळ्या चिकटपत्रांना पाणी लागलंय. पण बाकी कुणाचाच अहवाल चुकलेला नाही. म्हणजे ज्याने ती पुन्हा चिकटवली त्याने प्रत्येक ठोकळा जुन्या काचेशी ताडून, नीट चिकटवली. फक्त रूपाबाईचं ताडता आलं नाही. तिची पहिली काच मुंबईला गेलेली, दुसरी अजून कापलेली नव्हती. एवढं काळजीपूर्वक काम इथे एकाच माणसाला येतं."

उद्धवराव स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मेच्या शेवटाला वादळ झालं, मॅडम. दोन दिवस लाइट नव्हती. जनरेटर नुसता ऑपरेशनला. खोलीत हात ठेववत नव्हता, मेण मऊ पडून राहिलं होतं. आमी ठोकळे पिशवीत घातले अन् माठात सोडले. पिशवी गळकी निघाली. सकाळी बघतो तर कागद सगळे पाण्यावर."

"मला का सांगितलं नाही?"

"चाळीस ठोकळे काचेशी जुळवले. दोनच राहिले. गाठ कमी होऊन राहिली म्हणलं, तर मोठा तुकडा आधीचा, लहान नंतरचा. बराबर वाटलं." त्यांनी खिशातला चष्मा पुन्हा काढून हातात धरला. "चार महिने राहिले होते. तीस वर्षांत एक ठोकळा हरवला न्हाई माझ्याच्यानं. लाज वाटली, मॅडम. पाय कापायचं ठरलं तवापासून घास उतरून न्हाई राहिला. पण म्या बराबरच लावलं असन, असंच मनाला सांगत होतो."

नीलांबरीबाईंना त्यांचा राग आला होता, खरा राग, आणि तो पुरता काढताही येत नव्हता. सोमवारी कपाटापुढे उभं राहून त्यांनीही मोठा तुकडा आधीचा असंच मानलं होतं.

दुपारी चारला मुंबईहून फोटो आला. एप्रिलची काच, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा, लढाऊ पेशी सगळ्या कडेला.

डॉ. नचिकेतनी फोटो पाहिला आणि शस्त्रक्रियेच्या यादीतलं गुरुवारचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. अभ्यास समितीने संध्याकाळी औषध पुन्हा सुरू करायला परवानगी दिली.

अहवाल नीलांबरीबाईंनी लिहिला. उद्धवराव म्हणाले, माझं नाव टाका. त्यांनी टाकलं. त्याच्या वरच्या ओळीत त्यांनी पेन्सिल बंद करण्याच्या आदेशाची तारीख लिहिली आणि सही करणारीचं नाव लिहिलं.

६

तांड्यावर बुधवारी दिवसभर फोन लागला नाही. त्यामुळे गुरुवारी रूपाबाई आली ती पाय कापायच्या तयारीने, उपाशी, उजव्या पायात चप्पल आणि डावा पाय जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून. मोहनसिंगने तिला दंडाला धरलं होतं.

नीलांबरीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं, चूक कुणाची होती तेही. मोहनसिंगला निम्मं समजलं, पण पाय राहणार एवढं पहिल्यांदा समजलं. तो उभा राहिला, पुन्हा बसला.

"मंग हळदीनं गुण आला म्हणायचा," तो म्हणाला.

"हळदीने साक्ष दिली. गुण औषधाचा. पुन्हा जखमेत काही भरलंत तर मी स्वतः तांड्यावर येईन."

"न्हाई भरत."

"अजून पुरतं बरं झालेलं नाही, रूपाबाई. औषध बरेच महिने घ्यावं लागेल, आणि पुढे काय होईल ते आज कुणी सांगू शकत नाही. पण आज पाय कापायचा नाही."

रूपाबाईने वाकून डाव्या पायाचं फडकं सोडलं, घडी घातली आणि मांडीवर ठेवलं. आतल्या खोलीत उद्धवराव नव्या ठोकळ्यांवर पेन्सिलने आकडे घालत होते, त्याची बारीक खरखर बाहेर येत होती. रूपाबाईने अनवाणी पाय फरशीवर टेकवला आणि बोटं हलवून पाहिली.

मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बसून काय राहिलात? निताला फोन लावा. म्हणावं, माळ्यावरची डावी चप्पल खाली काढून ठेव."